आठव्या मजल्याची शिफारस

४ फेब्रुवारी

काका, नमस्कार.

बाबांना लिहिलेलं तुमचं पत्र ते गेल्यानंतरच्या आठवड्यात पोहोचलं. माझी तार आणि तुमचं पत्र वाटेत एकमेकांना ओलांडून गेली असणार. दुसऱ्याचं पत्र वाचू नये हे मला कळतं. पण पाकिटात तुमच्या दोघांच्या वादाखेरीज दुसरं काही नसणार याची खात्री होती, आणि तो वाद मी लहानपणापासून जेवताना ऐकत आले आहे. तुमच्या बाजूने बोलायला इथे कोणी नसायचं, म्हणून बाबा तुमचा आवाज काढून तुमची बाजू मांडायचे आणि मग स्वतःच्या आवाजात ती खोडायचे. तुम्ही बहुतेक वेळा हरत होतात.

या खेपेला तुम्ही विचारलं होतं की तुझ्या भांडवलशाहीत सरकारी माणूस लाच खात नाही म्हणतोस, तर मग तो दिवसभर करतो काय. बाबांचं उत्तर मला पाठ आहे. तुमच्या साम्यवादात सगळं सरकारचं, म्हणून प्रत्येक दारावर एक माणूस बसलेला, आणि दार उघडणं हेच त्याचं दुकान. इथे दारंच कमी, असं ते म्हणाले असते.

मी त्यांच्या वतीने उत्तर देत नाही. दोन्ही बाजूंची मला पुरेशी माहिती नाही. माझ्या कामाविषयी मात्र लिहू शकते, आणि योगायोगाने ते तुमचंच काम आहे. लिफ्टच्या सुट्या भागांची चाचणी घेणाऱ्या एका संस्थेत मी आता कायम झाले आहे. पूर्वी ही तपासणी सरकारचं सुरक्षा खातं करायचं. आता खात्याने ती खाजगी संस्थांना दिली आहे. भाग बनवणारा आपली संस्था आपण निवडतो आणि फी भरतो. आमच्या शिक्क्याशिवाय त्याला माल विकता येत नाही.

गेल्या महिन्यात तुमच्याकडच्या खरेदी खात्याची मंडळी आमचा चाचणी-मनोरा पाहायला आली होती. दाखवायचं काम माझ्याकडे दिलं, कारण मला त्यांची भाषा येते. त्यांनी चाचणीबद्दल काहीच विचारलं नाही. एकाने चांगले बूट कुठे मिळतात ते विचारलं.

काकूचे गुडघे कसे आहेत? तुमची लिफ्ट चालू झाली का?

तुमची पुतणी


२६ फेब्रुवारी

प्रिय मोजपट्टी,

तुझ्या बापाने वाद अर्धवट टाकून जावं हे त्याच्या स्वभावाला धरूनच झालं. लहानपणी पत्त्यांतही हरायला लागला की याला झोप यायची. तुझं पत्र वाचताना मध्येच थांबावं लागलं. काकू म्हणाली, मोठ्याने वाचा, मग रडू येत नाही. म्हणून मोठ्याने वाचलं.

बूट विचारणारा माणूस मला ठाऊक आहे असं वाटतं. नसेल तर त्याच्यासारखा दुसरा ठाऊक आहे.

लिफ्ट गेल्या उन्हाळ्यापासून बंद आहे. आम्ही नवव्या मजल्यावर, काकूच्या गुडघ्यांना जिना म्हणजे डोंगर, म्हणून ती तेव्हापासून खाली उतरलेली नाही. मी तक्रार केली. इमारत गृहवाटप कार्यालयाची, लिफ्ट यंत्र खात्याची, आणि सुटे भाग कारखान्याच्या योजनेत या वर्षी नाहीत. तिघांनीही माझं म्हणणं योग्य असल्याचं लेखी कळवलं. जन्मभर लिफ्ट बनवणाऱ्या माणसाची बायको लिफ्टवाचून घरात अडकली, यावर खालच्या मजल्यावरचे लोक विनोद करतात. मीही करतो. काकू करत नाही.

दुरुस्ती होऊच शकत नाही, असं नाही. समोरच्या इमारतीची झाली. तिथे खात्याच्या उपमंत्र्याचा साडू राहायला आला. पैसा कोणी दिला नाही, कोणी घेतला नाही. तुझ्या बापाला हे कधी कळलं नाही. तो म्हणायचा, किती घेतात ते सांग. अरे बाबा, पैशाला इथे विचारतो कोण? दुकानात काही असेल तर ना. इथे माणूस माणसाच्या उपयोगी पडतो. तोच आमचा खिसा.

आता तुझ्या धंद्यातली गोष्ट. आमच्या कारखान्यात तपासणीचा रकाना होता. तो भरलेला असायचा, कारण रकाना रिकामा दिसणं वाईट. तपासणी व्हायचीच असं नाही. पण आकडा खोटा आहे हे शिपायापासून संचालकापर्यंत सगळ्यांना ठाऊक. म्हणून आराखडा काढणारा पोलादाची जाडी गुपचूप दुप्पट धरायचा. आमच्या लिफ्ट कुरूप, जड आणि नेहमी बंद. पण पडली एकही नाही.

पाकीट उघडलेलं दिसलं तर काळजी करू नकोस. हल्ली पत्रं उघडणाऱ्यांच्याही जागा रिकाम्या आहेत म्हणे, आणि डिंकाचा तुटवडा.

तुझा काका


१८ मार्च

काका, नमस्कार.

तुमच्या पत्राला लगेच उत्तर देणार होते. मध्ये कामावर एक गोष्ट घडली, ती संपल्यावर लिहावं असं ठरवलं. ती संपली आहे की नाही हे अजून सांगता येत नाही.

लिफ्टच्या डब्याखाली जी पकड असते तिच्या नव्या प्रकाराची चाचणी होती. तुम्हाला समजावणं म्हणजे आगाऊपणा आहे, पण बाबांसाठी लिहायची सवय होती तसं लिहिते. दोर तुटला, डबा वेगाने खाली सुटला, तर पकडीचे दोन जबडे बाजूच्या रुळांना चावतात आणि डबा जागच्या जागी थांबतो. निर्मात्याने नवे जबडे स्वस्त ओतीव धातूचे केले आहेत. पाच नमुने आले. चार थांबले. पाचवा घसरत गेला. काढून पाहिला तर जबड्याचे दात झिजून पृष्ठभाग आरशासारखा झाला होता. मी नापास लिहिलं.

साहेबांनी मला बोलावलं. ते ओरडले नाहीत. ते कधीच ओरडत नाहीत. आमचं बोलणं जसं झालं तसं देते.

"तू बरोबर आहेस," ते म्हणाले. "नमुना वाईट होता."

"धातू वाईट आहे, साहेब. तापला की दात जातात. उरलेले चार पुन्हा तापवून घेतले तर तेही घसरतील."

"पुन्हा तापवून घ्या असं नियमात आहे का?"

"नाही."

"नमुना मागे घेऊन दुसरा द्यायची मुभा नियमात आहे का?"

"आहे."

"मग तू कोणाशी भांडतेयस? माझ्याशी की नियमाशी?"

दुसरा नमुना आला. माझ्या शेजारच्या टेबलावरच्याने त्याची चाचणी केली, तो थांबला, आणि त्याने सही केली. माझी सही मागितली गेली नाही. मला कोणी धमकी दिली नाही. दुपारी साहेबांनी माझ्यासाठी चहा पाठवला.

हा नियम कोणी लिहिला ते मी शोधलं. सुरक्षा खात्याने नेमलेल्या समितीने. समितीत निम्मे लोक निर्मात्यांचे होते, कारण तज्ज्ञ तेच. समितीचा सचिव खात्यातला मोठा अधिकारी होता. निवृत्त होऊन तो आता याच निर्मात्याचा सल्लागार आहे. यात बेकायदेशीर काही नाही. मी दोनदा तपासलं.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर देते. इथला सरकारी माणूस नियम मोडून काही घेत नाही. मोडावा लागू नये अशा मापाचा नियम तो आधी बेतून देतो. तुमचा खोटा आकडा सगळ्यांना खोटा म्हणून माहीत असतो. आमचा शिक्का लोक खरा मानतात. यातलं अधिक वाईट कोणतं ते मला ठरवता आलेलं नाही. तुमच्या बाजूने एक गुण लिहून ठेवणार होते, पण तुमच्या बाजूला काकू नवव्या मजल्यावर अडकली आहे.

तुमची पुतणी


९ एप्रिल

प्रिय मोजपट्टी,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि शेवटचं वाक्य आणखी एकदा. बापापेक्षा तू बरी भांडतेस. तो आवाज चढवायचा.

तुझ्या साहेबाचा मला हेवा वाटला. आमच्याकडे असा माणूस जन्माला येऊ शकत नाही. आमचा संचालक असता तर म्हणाला असता, अगं पोरी, महिनाअखेर आहे, माझी मान अडकलीय, कर सही. म्हणजे त्याला निदान माहीत असायचं की आपण लबाडी करतोय, आणि तुझे उपकारही मानायचा. पुढे तुझ्या घरी नळ गळायला लागला की प्लंबर त्याच्या शब्दावर येणार. तुझा साहेब रात्री शांत झोपत असेल. आमचा कधी झोपला नाही.

पण तू मला गुण देऊ नकोस. गुण घ्यायच्या लायकीचं इथे काही उरलेलं नाही. काकू सकाळी खुर्ची खिडकीशी ओढते आणि खाली बघते. खाली एक बाक आहे, झाडं आहेत, बायका बसलेल्या असतात. पूर्वी ती त्यांच्यात बसायची. आता त्या वर बघून हात करतात. परवा म्हणाली, "अहो, मला त्यांचे डोक्याचे भांगच तेवढे दिसतात. तोंडं विसरायला लागलेय." तिने हे रडून सांगितलं असतं तर बरं झालं असतं. तिने पालेभाजी निवडता निवडता सांगितलं.

मी काहीतरी करायचं ठरवलं आहे. काय ते झाल्यावर कळवीन. आयुष्यभर मी कोणाकडे काही मागितलं नाही याचा मला माज होता, हे तुझ्या बापाचं म्हणणं खरं होतं. माजाचे पैसे काकू भरतेय.

तुझा काका


३० मे

प्रिय मोजपट्टी,

लिफ्ट चालू झाली.

आधी हेच लिहायचं म्हणून वेगळ्या ओळीत लिहिलं. काल काकू खाली उतरली. तिने ठेवणीतलं लुगडं काढलं, जणू कुणाच्या लग्नालाच निघालीय. डब्यात शिरताना माझा दंड इतका घट्ट धरला होता की अजून दुखतोय. खाली बायकांनी तिला बाकावर मध्ये बसवलं. मी जरा लांब उभा राहिलो. त्यांनी तिला वर्षभराची सगळी भानगड ऐकवली, कोण कोणाशी बोलत नाही ते सुद्धा. संध्याकाळी वर यायला तयार नव्हती. म्हणाली, "तुम्ही जा, कुकर लावा."

तुला विश्वास बसणार नाही, पण सगळं सामान तुमच्याकडचं. खात्याने तुमच्या निर्मात्याकडून पहिली खेप घेतली आणि त्यातला एक संच आमच्या वाट्याला आला. यंत्राच्या खोलीत मी गेलो होतो. पिवळी खोकी, प्रत्येक भाग कागदात गुंडाळलेला, स्क्रूसुद्धा मोजून दिलेले. आमच्याकडे स्क्रू मोजून दिले तर वाटेतच निम्मे होतील. डब्याखालची पकड पाहिली, हलकी, सुबक, कोपऱ्यावर तुमच्या संस्थेचा शिक्का. तुझा शिक्का बघून छाती फुगली. अंगावर अक्षर आहे ‘ज’ आणि पुढे चौदा. काकूला म्हटलं, ही आपल्या मुलीच्या हाताखालून आलेली आहे.

उपमंत्र्याची आई आठव्या मजल्यावर राहायला आली आहे. म्हातारी सज्जन आहे, कानाने अधू. तिच्यामुळे हे झालं. तिला रोज उतरावं लागतं, आमचंही उतरणं होतं.

तुझ्या बापाला हे सांगायला हवं होतं. दोन्ही व्यवस्था एका डब्यात, आणि डबा चालतोय.

तुझा काका


११ जून

काका,

हे पत्र वाचत असाल तेव्हा काकू लिफ्टमध्ये नसेल अशी आशा करते.

ज-चौदा हीच ती पकड आहे जिच्याविषयी मी मार्चमध्ये लिहिलं होतं. शिक्का माझ्या संस्थेचा आहे, माझा नाही. प्रकाराचं नाव मी त्या पत्रात लिहायला हवं होतं. करारानुसार मला ते बाहेर सांगता येत नाही, म्हणून लिहिलं नाही.

तुमच्या इमारतीचा एकच फोन दरवानाच्या खोलीत असतो. मी आज सकाळी तिथे फोन केला. तुम्ही बाहेर गेला होतात. मी सांगितलं की काकांना सांगा, काकूने लिफ्टमध्ये बसायचं नाही. तो म्हणाला, "नाही बाई, आता लिफ्ट चालू झाली, बसतात त्या." मी पुन्हा सांगितलं. तो म्हणाला, "होय, होय, रोज बसतात, तुम्ही काळजी करू नका." उद्या पुन्हा करीन. तुम्हाला त्याच्यावर विसंबता येत नसेल म्हणून हे पत्रही टाकते.

दोर नवा आहे, तो तुटण्याची शक्यता कमी आहे. पकड लागायची वेळ बहुधा येणार नाही. पण ‘बहुधा’वर मी काकूला बसवणार नाही. तुम्हीही बसवू नका.

तुम्हाला चाचणी घेता येईल. डबा वाळूच्या पोत्यांनी पूर्ण भरा, माणूस आत नको, खाली जाताना पकड लावणारा वेगरोधक हाताने सोडा. एकदा थांबला तर समाधान मानू नका. लागोपाठ तीनदा घ्या, म्हणजे जबडे तापतील.

एक प्रश्न आहे. आठवा मजला रिकामा होता हे उपमंत्र्याला कोणी सांगितलं?

तुमची पुतणी


२९ जून

प्रिय मोजपट्टी,

दरवानाने तुझे दोन्ही निरोप पोहोचवले. "पुतणीचा फोन होता, लिफ्टची चौकशी करत होती, मी सांगितलं झकास चालू आहे." मी त्याला चहा पाजला. पत्र आलं तेव्हा काकू खाली बाकावर होती. तिला मी जिन्याने वर आणलं. कसं ते विचारू नकोस. प्रत्येक मजल्यावर खुर्ची ठेवत ठेवत आणलं. तिने एकदाही कारण विचारलं नाही. वर आल्यावर विचारलं.

तुझ्या सांगण्याप्रमाणे चाचणी घेतली. खाली नवीन बांधकाम चालू आहे, तिथली वाळू मिळाली. पहिल्यांदा थांबला. दुसऱ्यांदा थांबला, पण वाईट आवाज झाला. तिसऱ्यांदा एक अख्खा मजला घसरला. जबडे काढून पाहिले. तू म्हणतेस तसा आरसा. त्यात माझं तोंड दिसत होतं.

लेखी कळवलं असतं तर खरेदीवाल्यांनी प्रकरण दाबलं असतं. दहा जण परदेशी जाऊन आलेत, त्यांच्या पायांतले बूट अजून नवे आहेत. म्हणून मी वेगळ्या वाटेने गेलो. आठव्या मजल्यावरच्या आजींच्या कानाशी जाऊन मोठ्याने म्हटलं, "मी लिफ्ट बनवायचो, या लिफ्टमध्ये मी बसत नाही." आजी हुशार आहे. त्याच संध्याकाळी मुलाची गाडी आली आणि तिला घेऊन गेली. दुसऱ्या दिवशी लिफ्टला कुलूप. आता खातं विचारतंय, शिक्का असलेला माल खराब कसा? बाहेरच्या माणसाचा कागद हवा. तुझ्या मोजमापांचा कागद आला तर संपूर्ण खेप परत जाईल. नाही तर कुलूप निघेल आणि तीच पकड राहील. तुझी नोकरी यात आहे हे मला कळतं. मी फक्त परिस्थिती सांगतोय.

आता तुझ्या प्रश्नाकडे. मी सांगितलं.

कारखान्यात माझ्या हाताखाली एक मुलगा होता, त्याला आम्ही होयबा म्हणायचो. मी काहीही म्हटलं की होय. तो आता गृहवाटप कार्यालयाचा प्रमुख आहे. त्याच्याकडे गेलो, आणि लिफ्ट मागितली नाही. म्हटलं, आमच्या इमारतीत आठव्या मजल्यावर छान ऊन येतं, कुणाच्या वयस्कर आईला फार मानवेल. तो हसला. त्याला पुढचं सांगावं लागलं नाही. मोठं माणूस वर राहायला आलं की लिफ्ट आपोआप दुरुस्त होते, हे इथे शाळेतल्या पोराला कळतं. मला माझ्या चलाखीचा फार आनंद झाला होता.

ती जागा रिकामी होती, पण मोकळी नव्हती. एका नर्सच्या नावे लागली होती. दोन मुलं, नवरा नाही, आमच्याच इमारतीत तळमजल्यावर मागच्या बाजूला एका खोलीत राहते. खोलीत दिवसा दिवा लावावा लागतो. कित्येक वर्षं रांगेत होती आणि तिचा नंबर आला होता. मला हे माहीत नव्हतं असं लिहिणार होतो. होयबा बोलता बोलता म्हणाला होता, "तिथे एक बाई आहे, बघू, तिला पुढे सरकवू." मी ऐकलं आणि चहा संपवला.

एक पैसा इकडचा तिकडे झाला नाही.

तुझा काका


२० जुलै

काका,

मोजमापांचा कागद सोबत आहे. पाचव्या नमुन्याचे आकडे, जबड्याचं वर्णन, माझं पद आणि माझी सही. संस्थेचा शिक्का नाही, कारण तो माझा नाही. याची एक प्रत इथल्या सुरक्षा खात्याला दिली आणि एक साहेबांच्या टेबलावर ठेवली. त्यांना हे दुसऱ्याकडून कळू नये असं वाटलं.

साहेबांनी ती पूर्ण वाचली. म्हणाले, "आकडे बरोबर आहेत." मग म्हणाले, "करार तू मोडलास." दोन्ही खरं आहे. मी महिनाअखेरपर्यंत कामावर आहे. शिफारसपत्र चांगलं देईन म्हणाले, आणि ते देतील. शेजारच्या टेबलावरचा तिसऱ्या दिवशी म्हणाला, "दुसरा नमुना मी तापवून घ्यायला हवा होता." मी म्हटलं, "हो."

सुरक्षा खात्यातला अधिकारी नीट बोलला. पाणी दिलं, चौकशी होईल म्हणाला. निघताना सहज म्हणाला की चौकशी दुसरा कोणी पाहील, कारण पुढच्या महिन्यात तो निर्मात्याकडे रुजू होतोय. मला वाटलं तो मला काही सुचवतोय. तसं नव्हतं. तो फक्त आपली बातमी सांगत होता.

तुमची शेवटची गोष्ट बाबांना लिहिली असतीत तर ते हसले असते आणि वाद जिंकल्याचं जाहीर केलं असतं. मला हसू आलं नाही. मी फेब्रुवारीपासून दोन याद्या करत होते, तुमच्याकडचं काय आणि आमच्याकडचं काय. त्या नर्सला मी कोणत्या यादीत घालू ते कळेना. तिला तुमच्या चहाच्या एका घोटाने मागे सरकवलं. ज-चौदावर विसंबून लिफ्टमध्ये बसणाऱ्या लोकांना इथल्या एका चहाच्या कपाने धोक्यात घातलं. फरक आहे, पण तो त्यांना कसा समजावायचा?

तुम्हाला दोष देत नाही. काकूला खाली उतरायला मिळावं म्हणून मीही काय केलं असतं ते मला माहीत नाही. मला एवढंच विचारायचं आहे की हे तुम्ही काकूला सांगितलंत का?

तुमची पुतणी


२१ ऑगस्ट

बाळ,

हे पत्र मी लिहितेय. यांना सांगितलं, या खेपेला लेखणी माझ्याकडे द्या.

हो, यांनी मला सांगितलं. तुझं पत्र आलं त्या रात्री सांगितलं. मी दोन दिवस यांच्याशी बोलले नाही, आणि एका घरात दोनच माणसं असताना न बोलणं सोपं नसतं. तिसऱ्या दिवशी म्हटलं, त्या नर्सला वर बोलवा. ती आली. दमून आली, नऊ मजले चढून. मी तिला सगळं सांगितलं. हे मान खाली घालून बसले होते. ती म्हणाली, "मला वाटलंच होतं कोणीतरी असणार. असतंच कोणीतरी." तिने आवाज चढवला नाही ग. चढवला असता तर मला सोपं गेलं असतं.

आठव्या मजल्यावरची जागा आजी गेल्या तरी अजून त्यांच्याच नावे आहे, म्हणून मी तिला विचारलं, आमच्याशी जागेची अदलाबदल करतेस का. आमच्या नवव्या मजल्यावरच्या तीन खोल्या तुला, तुझी तळमजल्यावरची एक आम्हाला. असा कायदा आहे इथे, दोघांच्या सह्या झाल्या की कोणी अडवू शकत नाही. होयबासुद्धा नाही. ती म्हणाली, "काकू, तिथे अंधार आहे." म्हटलं, मला उजेड घरात नको, दाराबाहेर हवाय. तिची मुलं तेवढ्यात गॅलरीत पोहोचली होती.

यांना जड गेलं. पुस्तकं, आराखडे, आयुष्यभराचा पसारा एका खोलीत मावेना. मी म्हटलं, तुम्ही मला खाली आणायला आठव्या मजल्यावर आई बसवलीत, त्यापेक्षा आपणच खाली गेलो असतो तर? हे म्हणाले, "सुचलं नाही." खरं बोलले. यांना लिफ्ट सोडून दुसरं काही सुचत नाही, आणि मला मागायचं सुचलं नाही.

नर्सच्या दवाखान्यातल्या चौघांनी मला खुर्चीसकट खाली आणलं. वाटेत प्रत्येक मजल्यावर कोणी ना कोणी दारात उभं. मी आपली राणीसारखी हात करत होते.

तुझ्या कागदामुळे ती पकड खात्याने काढून नेली, बाकीच्या इमारतींतलीही. दुसरी अजून आलेली नाही. लिफ्ट बंदच आहे. ती पोर रोज ड्युटी करून नऊ मजले चढते. म्हणून मी आता रोज सकाळी कोपऱ्यावरच्या गृहवाटप कार्यालयात जाऊन बसते. काठी टेकत जाते, यांना बरोबर नेत नाही, हे लगेच कुणाला तरी ओळखतात.

पहिल्या दिवशी खिडकीवरच्या माणसाने विचारलं, "आजी, कितवा मजला?" म्हटलं, तळमजला. त्याला वाटलं मला ऐकू येत नाही. त्याने मोठ्याने विचारलं. मी पण मोठ्याने सांगितलं. "मग लिफ्ट कशाला हवी तुम्हाला?" म्हटलं, मला नको, वरच्या लोकांना हवीय. तो म्हणाला, तुमचं कोण राहतं वर? म्हटलं, कोणी नाही. त्याने विचारलं, कोणी पाठवलं का तुम्हाला? म्हटलं, नाही. मला काय द्यायचं, माझ्याकडून काय घ्यायचं, मला कोणाकडे पाठवायचं, त्याला काही सुचेना. आत जाऊन साहेबाला विचारून आला. साहेब बाहेर आला, तो होयबाच. मला बघून पुन्हा आत गेला.

तुझी नोकरी गेली ते यांनी सांगितलं. दुसरी मिळेपर्यंत इथे येऊन राहा असं लिहिणार होते, पण खोली एकच आहे, आणि ती भरली. तरी ये. तू आलीस की दोघी जाऊ त्या कार्यालयात. तिथे बाक चांगला आहे, आणि रोज गेलं की लोक ओळखीचे होतात.

काकू